ऊसतोड कामगारांच्या लहान मुलांसाठी लोकरीचे कपडे विणायचे आहेत : लोकर, मापे आणि वाटप यांविषयी मार्गदर्शन हवे

राजारामपुरीची विणकर

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात राजारामपुरी आणि आसपासच्या भागात राहणाऱ्या आम्ही काही मैत्रिणी दुपारच्या वेळी एकत्र बसून विणकाम करतो. बहुतेक जणी नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत, काहींचे हात शाळेतल्या शिवण-विणकामाच्या तासापासून सुयांना सरावलेले आहेत, तर दोघी-तिघी अगदी अलीकडे टाके घालायला शिकल्या आहेत. आजवर आम्ही नातवंडांसाठी आणि नात्यातल्या बाळंतिणींसाठी विणत आलो. या वर्षी मात्र गाळप हंगामात बीड, जालना, परभणी या भागांतून आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी विणावे, असे सर्वांनी मिळून ठरवले आहे. हिवाळ्यात पहाटे गावाबाहेरच्या रस्त्याने गेले की उसाच्या गाड्यांवर किंवा कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीसमोर, उघड्या अंगाने बसलेली मुले दिसतात, आणि आपल्या हातात कला असताना नुसते हळहळून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही.

काही गोष्टींविषयी जाणकारांचे मत हवे आहे. बाजारात सहज मिळणारी लोकर बहुतांशी अ‍ॅक्रिलिक असते. तीच वापरावी की जास्त पैसे घालून खरी लोकर आणावी? मूल समोर नसताना माप कसे ठरवावे? पूर्ण बाह्यांचे स्वेटर करावेत, की टोप्या आणि मोजे यांवर भर द्यावा? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे कपडे कोणामार्फत आणि कशा रीतीने द्यावेत? २०१९ च्या महापुरानंतर मदत म्हणून आलेले जुने कपडे कोणाच्याच उपयोगी न पडता ढिगांनी पडून राहिलेले आम्ही पाहिले आहेत. आमच्या कपड्यांचे तसे होऊ नये, म्हणून विणायला बसण्याआधीच विचारत आहोत.

शिरोळचे गुरुजी

ताई, नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवतो. आमच्या गावाच्या शिवारात दर हंगामात टोळ्या उतरतात, त्यामुळे या मुलांचा दिवस कसा जातो हे मला जवळून पाहायला मिळते. कोणता कपडा विणावा, याचे उत्तर त्या दिवसातच आहे असे मला वाटते.

नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पहाटे अंधार असतानाच फडावर जाते. घरात मोठी मुलगी असेल तर धाकटी भावंडे तिच्यावर सोपवून आईबाप जातात. अशी मुलगी कोणी नसेल तर तान्ह्या बाळासह सगळेच फडावर जातात आणि बांधाच्या कडेला, पोते किंवा जुने लुगडे अंथरून बाळाला निजवले जाते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या आमच्या सखल शिवारात डिसेंबर-जानेवारीत उशिरापर्यंत धुके असते आणि उसाचा पाला दवाने इतका भिजलेला असतो की सरीतून चार पावले चालले तरी अंगावरचे कपडे ओले होतात. पहाटेचे तापमान साधारण १४-१५ अंशांच्या आसपास असते, काही दिवस त्याहूनही खाली जाते. मात्र दहा-अकरा वाजता ऊन चढले की तेच मूल घामाघूम होते आणि अंगातला स्वेटर काढून टाकते. तो स्वेटर मग पाचटात पडतो, आणि संध्याकाळी सापडेलच याची खात्री नसते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की पूर्ण बाह्यांच्या स्वेटरपेक्षा बिनबाह्यांची जाडसर बंडी आणि कान झाकणारी टोपी या दोन गोष्टी या मुलांना जास्त उपयोगी पडतात. बंडी दिवसभर अंगात राहिली तरी फारसा त्रास होत नाही, बाह्या नसल्यामुळे त्या भिजत नाहीत, मळत नाहीत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चुलीत जात नाहीत. कोपी उसाच्या पाल्याची किंवा चटईची असते, चूल दाराशी किंवा अगदी दारात असते, आणि सकाळी मुले त्या चुलीला खेटून शेकत बसतात. लोंबणाऱ्या नाड्या, गोंडे, झालर, सैल बाही यांतले काहीही या मुलांच्या कपड्यांना नसावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी विनंती रंगाची. मळखाऊ रंग सोयीचे म्हणून तपकिरी, राखी, गडद हिरवा असे रंग निवडण्याचा मोह होतो, पण वाळलेल्या पाचटात हे रंग मिसळून जातात. फडात ट्रॅक्टर आणि ट्रॉली मागेपुढे होत असतात, चालकाला मागचे नीट दिसत नाही, आणि पाल्यात झोपलेले मूल त्याच्या नजरेस पडणे ही जिवाची गोष्ट आहे. टोपी आणि बंडीचा निदान वरचा भाग तरी भडक नारिंगी, पिवळा किंवा लाल असावा. जाळीची नक्षीही टाळावी, कारण तिच्यात उसाच्या पानाची कुसळे अडकतात आणि धुऊनही निघत नाहीत.

वाटपाबद्दल सांगायचे तर रस्त्यात गाडी थांबवून कपडे वाटू नयेत. कोणती टोळी कोठे उतरली आहे हे टोळीच्या मुकादमाला आणि कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला, ठाऊक असते, आणि मुले किती व कोणत्या वयाची आहेत हे गावातली अंगणवाडीसेविका किंवा आमच्यासारखा शिक्षक सांगू शकतो. यादी मुलांची न करता कुटुंबांची करावी, कारण एका भावाला टोपी मिळाली आणि दुसऱ्याला नाही, तर ती टोपी पहिल्याच्या डोक्यावर राहत नाही आणि दोघांच्या भांडणात आईचा जीव जातो. कपडा आईच्या हातात द्यावा, रंग मुलाला निवडू द्यावा, आणि छायाचित्रे काढू नयेत. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. नोव्हेंबर संपेपर्यंत कपडे पोहोचले तरच थंडीत त्यांचा उपयोग होतो. संक्रांतीला वाटलेल्या स्वेटरने अर्धा हिवाळा वाया गेलेला असतो.

जाता जाता आणखी एक गोष्ट. शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. कपड्यांच्या निमित्ताने तुम्ही कोपीवर जाल, तेव्हा शाळेत न जाणारे मूल दिसले तर जवळच्या शाळेला जरूर कळवा.

सुलटउलट

गुरुजींनी फार मोलाची माहिती दिली आहे. मी विणकामाच्या बाजूने लिहिते.

आधी लोकरीविषयी. मेंढीच्या लोकरीचा मोठा गुण असा की ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषून घेते आणि तरीही अंगाला ओली लागत नाही. दवाने भिजणाऱ्या मुलांसाठी हा गुण अमूल्य आहे. शिवाय ती सहजासहजी पेट घेत नाही, आणि पेटलीच तर ज्योत दूर होताच बहुधा आपोआप विझते. अ‍ॅक्रिलिक मात्र चटकन पेटते, वितळते आणि वितळलेला भाग कातडीला चिकटतो. घरी खात्री करायची असेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीला लावून पाहावा: खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख उरते, तर अ‍ॅक्रिलिकची राख न होता काळा, टणक मणी तयार होतो. दुकानदार ज्याला ‘लोकर’ म्हणून देतो त्यातले बरेचसे या चाचणीत अ‍ॅक्रिलिक निघते, कारण बोलताना आपण दोन्हींना लोकरच म्हणतो.

इतके असूनही मी सगळे कपडे खऱ्या लोकरीचे करा असे म्हणणार नाही. लोकरीचा कपडा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवावा लागतो आणि सपाट पसरून वाळवावा लागतो. पाटाच्या पाण्यावर, दगडावर आपटून, कपड्याच्या सोड्याने धुतला तर तो पहिल्याच धुण्यात आटून घट्ट होतो आणि मुलाच्या डोक्यातून जात नाही. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईने लोकरीसाठी वेगळे धुणे करावे, अशी अपेक्षा आपण ठेवू नये. काहींच्या अंगाला ती टोचते, आणि तिची किंमतही अ‍ॅक्रिलिकच्या कितीतरी पट असते. म्हणून मी असा मार्ग सुचवते की टोप्या आणि बंड्या अ‍ॅक्रिलिकच्या कराव्यात, पण गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे त्या अंगाबरोबर बसणाऱ्या आणि काहीही न लोंबणाऱ्या असाव्यात, आणि देताना आईला विस्तवाबद्दल एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे. कोणाच्या घरी खरी लोकर पडून असेल तर तिची पांघरुणे करावीत, कारण पांघरूण वारंवार धुतले जात नाही.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांतल्या धनगरवाड्यांसाठी कोणी विणणार असेल तर हिशेब बदलतो. तिकडचा गारठा हिवाळ्याइतकाच पावसाळ्याचा आहे. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात कपडा चार-चार दिवस वाळत नाही. तेथे लवकर निथळणारे अ‍ॅक्रिलिकच बरे, आणि ते जूनच्या आधी पोहोचायला हवे.

आता मापे. वयाच्या तक्त्यावर पूर्ण विसंबू नका, कारण यांतली बरीच मुले वयाच्या मानाने किरकोळ अंगाची असतात. पण एक बारकावा लक्षात घ्यावा: पोषण कमी पडले तरी डोक्याचा घेर छातीइतका मागे राहत नाही. म्हणून पाच वर्षांच्या मुलासाठी तीन वर्षांच्या मापाची बंडी विणली तर ती छातीला बसते आणि गळ्यातून मात्र जात नाही. गळ्याचे माप नेहमी डोक्यावरून ठरवावे, गळ्याचे टाके सैल हाताने बंद करावेत, आणि शक्य असेल तर एका खांद्यावर पट्टी ठेवून तेथे बटणे लावावीत.

चार पदरी अ‍ॅक्रिलिक आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात. तुमच्यापैकी प्रत्येकीने आधी एक चौकोनी नमुना विणून आपल्या हाताचे टाके मोजावेत, कारण गटात कोणाचा हात घट्ट असतो आणि कोणाचा सैल, आणि एकाच आकड्यावर सगळ्या विणायला बसल्या तर एकाच मापाच्या दोन बंड्यांत चांगला चार बोटांचा फरक पडतो. माझ्या या हिशेबाने पाच-सहा वर्षांच्या मुलाची छाती साधारण ५८ सेंटिमीटर धरली आणि आठ सेंटिमीटर सैलपणा दिला तर पुढच्या आणि मागच्या भागाला प्रत्येकी ७२ टाके येतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ६४ आणि सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला ५८ टाके पुरतात. काठाची पट्टी १० नंबरच्या सुयांवर, एक सुलट एक उलट, अशी करावी आणि नेहमीपेक्षा बरीच लांब ठेवावी. आज ती दुमडून वापरता येते आणि मूल वाढले की उलगडता येते. बंडीची लांबी मांडीपर्यंत येऊ द्यावी, कारण वाकून खेळणाऱ्या मुलाची कंबर आखूड कपड्यात पहिल्यांदा उघडी पडते.

टोपी डोक्याच्या घेरापेक्षा सुमारे दहा टक्के लहान असावी, म्हणजे ती नाडीशिवाय बसून राहते. वर्षाच्या बाळाचे डोके साधारण ४५ सेंटिमीटर असते, त्याला ९० टाके. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे ५० असते, त्याला १०० टाके. दोन वर्षांच्या वरच्या मुलांना माकडटोपी उत्तम, कारण तिच्यात कान आणि मान दोन्ही झाकले जातात. त्याहून लहान बाळांना ती देऊ नये, झोपेत सरकून नाकातोंडावर येऊ शकते. त्यांच्यासाठी खोल, दुमडीची साधी टोपी करावी. कुंचीची हौस कितीही असली तरी तिच्या नाड्यांमुळे ती या कामासाठी बाजूला ठेवावी. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या कपड्यांना बटणे लावायचीच असतील तर ती दुहेरी दोऱ्याने, ओढूनही निघणार नाहीत अशी शिवावीत, आणि मणी किंवा टिकल्या अजिबात लावू नयेत.

खरेदी करताना एका बंडीची सगळी लोकर एकाच लॉट नंबरची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, घ्यावी. पाच-सहा वर्षांच्या बंडीला माझ्या अंदाजाने दीडशे ग्रॅमच्या आत आणि टोपीला ५० ग्रॅमपर्यंत लोकर लागते. आणि प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीत त्याच लोकरीचा हातभर धागा गुंडाळून टाचून ठेवावा. टाका सुटला की आईला त्याच रंगाच्या धाग्याने तो उचलता येतो, आणि कपडा एका हंगामाऐवजी दोन-तीन हंगाम चालतो.

रात्रपाळीची परिचारिका

मी एका शासकीय रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागात काम करते. टोळ्यांतल्या कित्येक बायका हंगामातच बाळंत होतात आणि अडीच किलोच्या आतली बाळे आमच्याकडे नेहमी येतात. अशा बाळाच्या शरीरातली उष्णता फार लवकर निघून जाते, आणि अंगाच्या मानाने डोके मोठे असल्यामुळे तिचा मोठा भाग डोक्यावाटे जातो. बाळाचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की आम्ही सावध होतो. कांगारू पद्धतीत बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, तेव्हा त्याच्या अंगावर फक्त टोपी, लंगोट आणि मोजे असतात. म्हणजे विणणाऱ्या हातांना येथे नेमके काम आहे.

मात्र रुग्णालयासाठी विणायचे असेल तर सुती धागा घ्यावा. आमच्याकडे कपडे वाफेवर निर्जंतुक होतात आणि त्या उष्णतेत अ‍ॅक्रिलिक कायमचे ढिले पडते. पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके ३३ ते ३५ सेंटिमीटर असते, दीड किलोच्या बाळाचे २८-२९ असू शकते; त्यामुळे दोन-तीन आकार लागतात. आतून गाठी किंवा लांब धागे राहू देऊ नयेत, कारण बाळाचे बोट त्यात अडकते. विणण्यापूर्वी विभागाच्या प्रमुख परिचारिकेला भेटून काय हवे ते विचारावे, आणि कपडे थेट बाळाच्या अंगावर न घालता त्यांच्या स्वाधीन करावेत.

आईला एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. घरी गेल्यावर बाळाच्या मानेला मागून हात लावून पाहावा. मान घामट किंवा गरम लागली तर टोपी काढावी. उन्हात आणि चुलीजवळ टोपी, स्वेटर, वर दुपटे असे गुंडाळून ठेवलेले बाळही आजारी पडते.

गांधीनगरचा दुकानदार

मंडळींच्या भावनेचा मला आदर आहे, पण व्यवहाराची बाजू मांडतो. गांधीनगरच्या घाऊक बाजारात लहान मुलांची तयार जॅकेटे आणि स्वेटर ज्या दराने मिळतात, त्यात अनेकदा नुसती लोकरसुद्धा येत नाही. एक बंडी विणायला आठवडा जात असेल तर तेवढ्या लोकरीच्या पैशात दोन मुलांना तयार कपडे मिळू शकतात. हंगाम तोंडावर आला असेल आणि मुले शेकड्यांनी असतील, तर विणकामाच्या हट्टापायी निम्मी मुले उघडी राहू नयेत, इतकेच माझे म्हणणे आहे. दुसरे असे की आठ-दहा वर्षांच्या मुलांना चेनचे जॅकेट हवे असते. शाळेत बाकीच्या मुलांच्या अंगावर जे असते तेच आपल्याही अंगावर असावे, असे त्यांना वाटते, आणि त्यात काही गैर नाही.

राजारामपुरीची विणकर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही आपली उत्तरे मोठ्याने वाचली आणि त्यावर बराच वेळ बोललो.

गांधीनगरच्या भाऊंचे म्हणणे आम्हाला पटले. सात वर्षांच्या वरच्या मुलांसाठी आम्ही वर्गणी काढून तयार जॅकेटे घेणार आहोत, आणि विणकाम सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच ठेवणार आहोत. या वयाला नेमके माप, खांद्यावरची बटणपट्टी, लांब काठ, न लोंबणारी टोपी अशा ज्या गोष्टी लागतात, त्या तयार कपड्यांत मिळत नाहीत असा आमचा अनुभव आहे. बाजारातल्या लहान मुलांच्या टोप्यांना तर गोंडा आणि नाड्या हमखास असतात. मात्र जॅकेटेही बहुधा पॉलिएस्टरची असतात आणि तीही विस्तवाजवळ वितळतात, म्हणून आईला सांगण्याची गोष्ट त्यांनाही तितकीच लागू आहे, असे आम्हाला वाटते.

आमच्यापैकी ज्यांचा हात चांगला बसला आहे त्या बंड्या आणि माकडटोप्या करतील. ज्या दोघी-तिघी नवीन आहेत त्यांना नुसते सुलट टाके घालून २० सेंटिमीटरचे चौकोन विणायला दिले आहेत. पाच-सहाच्या रांगांत असे ३० चौकोन जोडले की १०० बाय १२० सेंटिमीटरचे पांघरूण होते, आणि त्याला मागून जुन्या सुती लुगड्याचे अस्तर लावून वाकळीसारखे टाके घातले की वारा आरपार जात नाही. सुती टोप्यांसाठी आम्ही रुग्णालयात आधी जाऊन बोलणार आहोत.

एक प्रश्न उरला आहे. आमच्या एका मैत्रिणीने सुचवले की आपल्याच भागातल्या मेंढ्यांची लोकर वापरावी, म्हणजे स्थानिक लोकांनाही काम मिळेल. या लोकरीचे कपडे विणता येतात का?

दख्खनी

माझे घराणे पट्टणकोडोलीकडचे, मेंढपाळांचे. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ असते. तिचा धागा निघतो, पण तो लहान मुलाच्या अंगाला लावण्याजोगा नसतो. कातडी लाल होईल आणि आई तो कपडा पुन्हा घालणार नाही. या लोकरीची जागा घोंगड्यात आहे. सनगर मंडळी हातमागावर घोंगडे विणतात आणि चिंचोक्यांची खळ देऊन त्याला कडकपणा आणतात. जमिनीचा ओलावा आणि गारठा वर येऊ न देण्यात त्याच्याइतके चांगले अंथरूण नाही.

माझी सूचना अशी की ज्या कोपीत तान्हे बाळ आहे तेथे पांघरुणाबरोबर एक घोंगडे द्यावे. बाळ ओल्या मातीवर पोत्यात झोपत असेल तर अंगावर कितीही घातले तरी गारवा खालून लागतोच. विकत घेताना हातमागाचेच घ्यावे. यंत्रावरच्या घोंगड्यांत दुसरे धागे मिसळलेले असतात, आणि वर सांगितलेली मेणबत्तीची चाचणी त्यांनाही लावता येते. तुमच्या मैत्रिणीचा स्थानिक कारागिरांना काम मिळण्याचा हेतू अशा रीतीने साधेल, कारण हातमागावर बसणारी घरे आता थोडी उरली आहेत आणि त्यांना मागणीचीच गरज आहे.

शिरोळचे गुरुजी

ताई, तुमचे नियोजन वाचून समाधान वाटले. आमच्या गावच्या अंगणवाडीताईंशी मी बोललो आहे. मुलांची वजने आणि उंची त्या नोंदवतातच. टोळ्या आल्यावर त्याच वेळी छातीचा आणि डोक्याचा घेरही टेपने मोजून ठेवायची त्यांची तयारी आहे. छातीचे माप काखेखालून, मुलाने श्वास सोडल्यावर, आणि डोक्याचे माप भुवयांच्या वरून मागच्या उंचवट्यापर्यंत घ्यायचे, असे मी त्यांना सांगितले आहे. यात काही फरक हवा असेल तर सुलटउलट ताईंनी कळवावे. यादीत मुलाचे नाव नसेल, फक्त कुटुंबाचा क्रमांक, मुलाचे वय आणि दोन मापे असतील.

टोळ्या येण्याआधी तुम्ही टोप्या आणि पांघरुणाचे चौकोन करायला घ्यावेत, कारण त्यांचे माप फारसे चुकत नाही. बंड्यांचे पुढचे आणि मागचे भाग काखेपर्यंत विणून सुईवर तसेच ठेवावेत आणि यादी हातात आल्यावर लांबी व गळा पूर्ण करावा. कोपीवर येताना दोघी-तिघींनीच यावे, आणि शक्यतो आमच्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, कारण त्या वेळी बायका फडावरून लवकर परततात आणि निवांत बोलता येते. येताना थोडी लोकर आणि सुयांचे एक-दोन जोड जास्तीचे आणा. गेल्या हंगामात मोठ्या मुलींपैकी एक-दोघी माझ्या पत्नीजवळ बसून सुलट टाका शिकल्या होत्या, आणि त्यांनी पुढचे शिकवायला कोणी येईल का, असे विचारले होते.